दातांच्या घडणीवरून समाजांचे नाते: विदर्भातील जमातींच्या अभ्यासाविषयी

नागपुरात मानवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तीन प्रश्न विचारले आहेत. विदर्भातील गोंड, माडिया, कोलाम, कोरकू आणि हलबा या समाजांचे एकमेकांशी असलेले नाते दातांच्या घडणीवरून ओळखता येईल का, हा पहिला. येत असेल तर किती जणांचे दात तपासावे लागतील आणि त्यांत नेमके काय पाहायचे, हा दुसरा. तिसरा प्रश्न तिच्या घरच्या मंडळींचा आहे: अशा तपासणीचा उपयोग जमातीच्या दाखल्यासाठी होऊ शकेल का? मी दंतवैद्यक करीत असतानाच दंत-मानवशास्त्राकडे वळले आणि गेली वीसेक वर्षे गडचिरोली, यवतमाळ आणि मेळघाटातील दातांचे साचे तपासते आहे, त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुभवावरून देऊ शकते. यापुढे तिलाच उद्देशून लिहिते. पहिल्याचे उत्तर ‘होय, पण मर्यादेत’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर तुम्ही धरून चालला आहात त्याहून बरेच जास्त काम आहे. तिसऱ्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे पहिल्या दोन उत्तरांमधूनच कळत जाईल.

दातच का, येथून सुरुवात करू. हाड आयुष्यभर बदलत राहते. आहार, श्रम, आजारपण या सगळ्यांच्या खुणा त्यावर उमटतात. दाताच्या वरच्या भागाचे, म्हणजे शिखराचे, तसे नसते. पहिल्या कायम दाढेचे शिखर मूल जन्मते त्या सुमारास घडू लागते आणि तीन वर्षांच्या आत पुरे होते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवताच नष्ट होतात, त्यामुळे त्या दाढेवर किती उंचवटे असतील, खाचा कशा वळतील, हे एकदा ठरले की ठरले. नंतर ती झिजेल, किडेल, तुटेल, पण तिच्यावर नवा उंचवटा येणार नाही. घडणीचा मोठा वाटा आनुवंशिक असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत लग्ने करणाऱ्या समूहात काही लक्षणे अधिक आढळतात, काही विरळ होतात. शिवाय एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. काटोल रस्त्यावरील जुनापाणीची किंवा माहुरझरीची शिळावर्तुळे तुम्ही पाहिली असतील. विदर्भातल्या या महापाषाणयुगीन स्थळांवर हाडे बहुधा फार वाईट अवस्थेत मिळतात, पण जिथे हाडांचा चुरा झालेला असतो तिथेही दात ओळखू येतील असे उरू शकतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन दफनांतील दातांचा अभ्यास याच कारणाने होऊ शकला. हयात माणसाच्या तोंडात आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यात तेच लक्षण त्याच मापाने मोजता येते, ही सोय रक्तगटात नाही आणि त्वचेच्या रंगातही नाही.

आता काय पाहायचे ते सांगते. वरच्या जबड्यातील पहिली कायम दाढ घ्या. तिला चार मुख्य उंचवटे असतात. त्यांपैकी जिभेकडच्या, पुढच्या बाजूच्या उंचवट्याच्या आतल्या भिंतीवर काही जणांमध्ये एक जादा ठेवण दिसते. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे दंतवैद्य गेऑर्ग फॉन काराबेल्ली यांनी १८४२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला काराबेल्लीचे लक्षण म्हणतात. ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे दोन टोकांचे नसते. एखाद्या दाढेवर भिंत अगदी सपाट असते. दुसरीवर नखाला जेमतेम लागेल अशी बारीक चीर असते. तिसरीवर टाचणीच्या टोकाएवढा खळगा. पुढे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दबलेला भाग. त्याही पुढे छोटा उंचवटा, आणि शेवटी ज्याचे टोक सुटे उभे आहे असा पाचवा उंचवटाच. शून्य ते सात अशा आठ पायऱ्यांत याची नोंद करतात. टर्नर, निकोल आणि स्कॉट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या पद्धतीत, जिला आम्ही थोडक्यात ‘आसुडास’ म्हणतो, अशा पंचवीस-तीस लक्षणांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि त्यांचे प्लास्टरचे नमुना-फलक मिळतात. फलक हाताशी नसताना केवळ छायाचित्रांवरून पायरी ठरवू नका. तिसरी आणि चौथी पायरी छायाचित्रात सारखीच दिसते. हातातल्या साच्यावर बाजूने प्रकाश टाकला की दोहोंतला फरक लगेच कळतो.

दुसरे महत्त्वाचे लक्षण पुढच्या पटाशीच्या दातांवर असते. वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांची आतली बाजू आरशात पाहा. दोन्ही कडांना उभे कंगोरे असतील आणि मधला भाग खोलगट असेल, तर दात मागून फावड्यासारखा दिसतो. आलेश हर्डलिच्का यांनी १९२० मध्ये या लक्षणावर विस्ताराने लिहिले. पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत ठळक फावडी-दात फार मोठ्या प्रमाणात आढळतात, युरोपात आणि आपल्याकडे ते कमी. याचे एक कारण आता जनुकाच्या पातळीवर माहीत झाले आहे. ईडार नावाच्या जनुकातील एका बदलाच्या जितक्या प्रती माणसाकडे असतील तितके कंगोरे ठळक, असे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. त्याच बदलाने केस जाड होतात आणि घामाच्या ग्रंथींची संख्याही वाढते. हा बदल सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी चीनच्या परिसरात उगम पावला असावा, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. मेळघाटातील कोरकूंच्या दृष्टीने ही बाब मला फार मोलाची वाटते. कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा आहे. तिच्या भोवतालच्या गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, तर हलबी आणि मराठी आर्य कुळातल्या. मुंडा भाषिकांमध्ये ईडारचा हा बदल अल्प प्रमाणात आढळलेला आहे. तेव्हा कोरकूंमध्ये फावडी-दातांचे प्रमाण शेजारच्या समाजांहून किंचित तरी अधिक आहे का, हा प्रश्न नागपुरात बसून, मेळघाटात पाय झिजवून तपासता येण्याजोगा आहे. तुम्हाला प्रबंधासाठी एकच धागा निवडायचा असेल, तर मी हाच सुचवीन.

बाकीची लक्षणे थोडक्यात सांगते. खालच्या दुसऱ्या दाढेला चार उंचवटे आहेत की पाच; खालच्या दाढांवरील खाचा ‘वाय’ आकारात मिळतात, अधिकच्या चिन्हात की फुलीत; खालच्या पहिल्या दाढेवर सहावा किंवा सातवा उंचवटा आहे का; वरच्या दुसऱ्या दाढेचा मागचा, जिभेकडचा उंचवटा किती लहान झाला आहे; बाजूचा पटाशीचा दात खुंटीसारखा आहे का. यांत एक नियम पाळायचा: दातांच्या प्रत्येक गटात जो दात घडणीने सर्वांत स्थिर असतो, त्यावरच त्या लक्षणाची नोंद मुख्य धरायची. पटाशीच्या दातांत मधला, दाढांत बहुतेक लक्षणांसाठी पहिली. अक्कलदाढेवर भरवसा ठेवू नका. ती आकारानेही लहरी असते आणि अनेकांना येतच नाही. मुळांची लक्षणेही उपयोगी आहेत, उदाहरणार्थ खालच्या पहिल्या दाढेचे तिसरे मूळ, पण त्यासाठी क्ष-किरण लागतात आणि केवळ संशोधनासाठी निरोगी मुलांना क्ष-किरण देणे मला मान्य नाही. उपचारासाठी आधीच काढलेली छायाचित्रे मिळाली तर ती वापरा.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेक प्रबंध ढासळतात त्याकडे येते. तो मुद्दा म्हणजे दात कोणाचे घेतले. तुमच्या प्रश्नात ‘गोंड’ हा एक शब्द आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या एकाच नोंदीखाली माडियांसह कितीतरी समूह आहेत. भामरागडचा माडिया, चिमूरकडचा गोंड आणि नागपूर शहरात तीन पिढ्यांपासून राहणारा राजगोंड यांचे विवाहसंबंध एकमेकांत होतात असे गृहीत धरता येत नाही, आणि जे समूह एकमेकांत लग्ने करीत नाहीत त्यांना एका रकान्यात टाकले की मिळणारी टक्केवारी कोणाचीच राहत नाही. म्हणून नमुन्याचे एकक ‘जमात’ हे सरकारी नाव धरू नका. सोयरीक कुठवर होते ते क्षेत्र धरा. चारपाच गावांतल्या जाणत्या माणसांना, विशेषतः बायकांना, मुली कुठून आणता आणि कुठे देता, एवढे विचारले की त्या क्षेत्राचा नकाशा तयार होतो.

त्याहून बारीक अडचण नात्यागोत्याची. गोंड समाजात देवांच्या संख्येवरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागणी आहे आणि एकाच देवसंख्येत लग्न होत नाही. दुसरीकडे मामे-आते भावंडांत लग्नाला पसंती असते, कारण एका घराने दिलेली मुलगी पुढच्या पिढीत परत येते असे मानतात. याचा अर्थ एका टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, वीस मुले दिसायला वीस असली, तरी आजे-पणजे मोजले तर ती मोजक्या घरांची निघतात. मी सुरुवातीच्या काळात हीच चूक केली. एका आश्रमशाळेत मी आठवडाभर बसून साचे घेतले, प्रत्येक मुलाचे नाव, वय, गाव लिहिले, आणि देव विचारायचे सुचलेच नाही. वर्षभराने आडनावे, गावे आणि मामांची नावे जुळवत बसले तेव्हा लक्षात आले की निम्म्याहून अधिक मुले एकमेकांची सख्खी, चुलत किंवा मामे-आते भावंडे होती. काराबेल्लीचे जे मोठे प्रमाण पाहून मी हरखून गेले होते, ते एका मोठ्या कुटुंबाचे लक्षण होते, समाजाचे नव्हे. ते काम मी प्रसिद्ध केले नाही. तेव्हापासून माझ्या नोंदपत्रकात आईचे माहेर, वडिलांचे गाव, देव, आजी-आजोबांची गावे हे रकाने दातांच्या रकान्यांच्या आधी येतात, आणि एका आजोबांच्या वंशातून मी एकच मूल घेते.

वय किती असावे, हेही ठरवून घ्या. माझ्या मते बारा ते सतरा. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी दाढ येते आणि झीज अजून फारशी झालेली नसते. प्रौढांचे दात घ्यायचे म्हटले तर विदर्भात खर्रा आडवा येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा दिवसातून अनेकदा तोंडात ठेवणाऱ्या माणसाच्या दाढा तिशीतच सपाट होतात; सहावा उंचवटा होता की नव्हता हे सांगण्याजोगे काही उरत नाही. अनेकांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, मग दातांचा ठसा घेण्याचा ट्रे आत जाणार कसा? दुःखाची गोष्ट अशी की अलीकडे मला बाराचौदा वर्षांच्या मुलांच्या दातांवरही खर्र्याचे डाग दिसू लागले आहेत. अशा मुलाची नोंद संशोधनाच्या वहीत करून पुढे जायचे नसते. त्याच्याशी आणि त्याच्या पालकांशी तिथेच बोलायचे असते.

संख्येचा हिशेब सोपा आहे, तो स्वतः करून पाहा. समजा एखादे लक्षण निम्म्या लोकांत आहे. तीस जणांवरून काढलेल्या टक्केवारीत सुमारे नऊ टक्क्यांची प्रमाण-त्रुटी, म्हणजे मोजक्याच माणसांवरून अंदाज केल्यामुळे येणारी संभाव्य चूक, राहते, शंभर जणांवरून पाच टक्क्यांची. आता एका समाजात लक्षण ४० टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के आहे अशी कल्पना करा. प्रत्येकी तीस माणसे घेतली तर या दहा टक्क्यांच्या फरकाची प्रमाण-त्रुटी बारा टक्के येते, म्हणजे फरक आहे असे म्हणताच येत नाही. प्रत्येकी दोनशे घेतली तेव्हा कुठे ती पाच टक्क्यांच्या, म्हणजे फरकाच्या निम्म्याच्या, खाली येते आणि फरकाला अर्थ प्राप्त होतो. शेजारशेजारच्या समाजांत फरक असेच लहान असतात. पाच समाजांचे प्रत्येकी तीस नमुने घेण्यापेक्षा दोन समाजांचे प्रत्येकी निदान दोनशे घ्या. प्रबंधाचे शीर्षक लहान होईल, पण आतले विधान टिकेल.

साचे घेताना नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा विचार करा. दातांचे माप, म्हणजे ठसा, घेण्यासाठी जी अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवतात ती पाणी जितके कोमट तितकी लवकर घट्ट होते. मे महिन्यात हातपंपाचे पाणी थेट वापरले तर ट्रे तोंडात जाण्याआधीच मिश्रण रबरासारखे होते. मी थर्मासमध्ये गार पाणी नेते. माप काढल्यावर ते ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यात डेंटल स्टोन, म्हणजे साच्याचे कठीण प्लास्टर, ओतायचा. ‘संध्याकाळी मुक्कामावर गेल्यावर ओतू’ असे म्हटले की पाणी उडून माप आक्रसते आणि रुंदीची मापे निरुपयोगी होतात. ओतताना मापाच्या एका कोपऱ्यापासून थोडे थोडे घालत ट्रे हलके आपटत राहा, कारण दाढेच्या खळग्यात हवेचा बुडबुडा अडकला तर साच्यावर तिथे गोळी तयार होते, आणि ती गोळी नवख्या डोळ्याला जादा उंचवट्यासारखी दिसते. मी एकदा अशाच गोळीला सातवा उंचवटा म्हणून नोंदवले होते. दुसऱ्या वाचनात भिंगाखाली तिचा गुळगुळीत गोलपणा पाहून चूक कळली. हल्ली तोंडात फिरवायचे स्कॅनर आले आहेत. तुमच्या महाविद्यालयाकडे असेल तर वापरा, पण थोडे तरी साचे ठेवाच.

प्रत्येक साच्यावर फक्त क्रमांक टाका, समाजाचे नाव टाकू नका. हा साचा कोरकूचा आहे हे माहीत असले की डोळा फावडी-दात शोधू लागतो. सगळे साचे एकदा वाचून झाल्यावर निदान महिनाभर थांबा, मागची पत्रके न पाहता पुन्हा वाचा, आणि दोन्ही वाचनांतील मेळ ‘कॅपा’ या सांख्यिकी मापाने काढा. शक्य असल्यास दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडूनही काही साचे वाचून घ्या. ज्या लक्षणात तुमचे तुमच्याशीच जमत नाही ते लक्षण विश्लेषणातून काढून टाका. त्याचा मोह ठेवू नका.

आकडेमोडीकडे वळताना नागपूरकरांना सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. १९२० मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले होते. तिथे प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करून द्याल का, असे विचारले. त्या कामातून दोन मानवसमूहांमधील अंतर कसे मोजावे हा प्रश्न महालनोबिसांच्या मनात रुजला, आणि १९३६ मध्ये त्यांनी ‘डी-वर्ग’ अंतराची पूर्ण मांडणी प्रसिद्ध केली. आज जगभरात दंत-मानवशास्त्रात जी अंतरे वापरतात त्यांपैकी एक याच मापाचा, ‘आहे-नाही’ स्वरूपाच्या लक्षणांसाठी बेतलेला अवतार आहे. दुसरे माप सरासरी अपसरणाचे (मीन मेजर ऑफ डायव्हर्जन्स). त्यात प्रत्येक लक्षणाच्या टक्केवारीचे कोनात रूपांतर करतात, दोन समाजांतील फरकांचा वर्ग घेतात, नमुना लहान असल्यामुळे येणारा खोटा फरक वजा करतात आणि सर्व लक्षणांवर सरासरी काढतात. वजाबाकीमुळे उत्तर कधी ऋण येते. त्याचा अर्थ ‘फरक दिसला नाही’ एवढाच. अंतर आपल्या प्रमाण-विचलनाच्या दुपटीहून मोठे असेल तरच ते गंभीरपणे घ्यायचे. मात्र एकमेकांशी बांधलेली लक्षणे दोनदा मोजू नका. मधल्या आणि बाजूच्या पटाशीच्या दातांवरील कंगोरे ही दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. सर्व लक्षणे सारख्याच मोलाची नसतात, हे रॅथमन आणि रेयेस-सेंतेनो यांनी २०२० मध्ये जनुकीय माहितीशी तुलना करून दाखवले आहे. काही लक्षणांचे संच वंशवृत्तांत इतरांपेक्षा बरेच चांगले टिपतात.

संगणक या अंतरांवरून एक सुबक वृक्ष काढून देतो आणि इथे सर्वांत जास्त सावध राहावे लागते. वृक्ष नेहमीच निघतो. आकडे अगदी निरर्थक असले तरी फांद्या येतातच. दोन समाज जवळच्या फांद्यांवर आले तर त्याची कारणे अनेक असू शकतात: समान पूर्वज, शेजारामुळे झालेली लग्ने, किंवा केवळ योगायोग. उलट एखादा लहान समाज सगळ्यांपासून लांब फेकला गेला असेल, तर तो वेगळ्या वंशाचाच असला पाहिजे असे नाही. कोलामांसारख्या, पोडांवर म्हणजे लहान वस्त्यांवर विखुरलेल्या छोट्या समूहात काही पिढ्यांतच एखादे लक्षण योगायोगाने खूप वाढू शकते किंवा नाहीसे होऊ शकते. म्हणून दातांच्या अंतरांशेजारी गावांमधले भौगोलिक अंतर आणि भाषांचे नाते ठेवून पाहा. भाषेला वंशाचा आरसा मानू नका, याचे उत्तम उदाहरण गोंडच आहेत. गोंडी द्रविड कुळातली आहे, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात गोंडांचा वारसा इतर द्रविड भाषिकांपेक्षा मुंडा भाषिकांशी अधिक मिळताजुळता निघाला. मग गोंड आणि कोरकू यांच्या दातांतील अंतर कमी निघाले तर तुम्ही गोंधळून जाणार नाही, आणि जास्त निघाले तर का, हे शोधायला तुमच्याकडे एक खरा प्रश्न असेल. पूर्वीच्या कामाचा आधार हवा असेल तर जॉन ल्युकॅक्स, ब्रायन हेम्फिल आणि डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे यांचे महाराष्ट्रातील समाजांच्या दातांवरील संशोधन आधी वाचा.

आता तिसरा प्रश्न, दाखल्याचा. हा प्रश्न नागपुरात कोणी सहज विचारत नाही, हे मी जाणते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात अनुसूचित जमातीच्या सवलती मागणाऱ्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. यादीतल्या एका नोंदीवर घरांची घरे कशी टांगलेली असतात हे आम्ही जवळून पाहिले आहे. कोष्टी हे हलबा जमातीतले मानायचे की नाही, या हलबा-कोष्टी वादात नोकरी आणि शिक्षण अडकलेले लोक माझ्याकडे दात दाखवायला येतात, आणि त्यांतल्या एकदोघांनी ‘मॅडम, दातांवरून काही लिहून देता येईल का’ असे विचारलेही आहे. मी नाही म्हणाले, आणि त्याचे कारण त्यांना जसे सांगितले तसेच इथे सांगते. समजा एका समाजात लक्षण ४० टक्के लोकांत आहे, दुसऱ्यात २० टक्के, आणि दोन्ही समाज सारख्याच लोकसंख्येचे आहेत. लक्षण असलेली तीन माणसे समोर उभी केली तर सरासरीने त्यांतले दोन पहिल्या समाजाचे आणि एक दुसऱ्याचा असणार. तो एक कोणता, हे दात सांगत नाहीत. पहिल्या समाजातील ज्या ६० टक्क्यांत ते लक्षण नाही, ते त्यामुळे परके ठरत नाहीत. अनेक लक्षणे एकत्र करून अनोळखी मृतदेह कोणत्या खंडाच्या वंशपरंपरेतला असावा याची शक्यता वर्तवणाऱ्या पद्धती न्यायवैद्यकात आहेत, पण तिथे तुलना पूर्व आशिया आणि युरोप अशा दूरदूरच्या समूहांची असते. हजारो वर्षे एकाच खोऱ्यात राहिलेल्या, एकमेकांत मिसळलेल्या समाजांतील एका माणसाची जमात ठरवणे या पद्धतीच्या आवाक्याबाहेरचे आहे. दातांची साक्ष समूहाविषयी असते. व्यक्तीविषयी ती मुकी आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही जमात ही वंशाची शारीरिक खूण नाही. पडताळणी समित्या आप्तभाव चाचणीत चालीरीती, देवदैवते, बोली, विवाहविधी विचारतात. ती आप्तभाव चाचणीदेखील निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केले. जिथे पूजा-विधींची उत्तरे अंतिम मानली जात नाहीत, तिथे दाढेवरचा खळगा पुरावा म्हणून पुढे करणे शास्त्राशी आणि त्या अर्जदाराशीही अन्यायाचे होईल. मापांचा असा गैरवापर पूर्वी झालेला आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावली होती, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी दिलेलीच मापे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे आहेत हा दावा खोडून काढला. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात ‘या अभ्यासातील निष्कर्ष कोणत्याही व्यक्तीची जात अथवा जमात ठरवण्यासाठी वापरता येणार नाहीत’ हे वाक्य लिहा, आणि गावात मराठीत आणि गोंडीत तेच सांगा.

संमतीविषयी एकच आग्रह धरते. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांची सही म्हणजे मुलाच्या आईवडिलांची संमती नव्हे. नैतिक समितीची मान्यता, ग्रामसभेत उघड चर्चा, पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार हे चारही हवेत, आणि ज्याने नको म्हटले त्याला शाळेत कोणी बोल लावणार नाही याची खात्री तुम्ही करून घ्यायची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासींवरील संशोधनातून त्यांना प्रत्यक्ष लाभ व्हावा यावर भर आहे, म्हणून साचे घेण्याच्या दिवशीच तपासणी ठेवा, किडलेल्या दाढा भरायची सोय असलेला दंतवैद्य सोबत न्या आणि ज्या मुलाला पुढचे उपचार लागतील त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी टाका. मी आता याशिवाय गावात जात नाही.

तुम्ही लगेच मेळघाटाची तयारी करू नका. आधी कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या ऑर्थो, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या, विभागाला विनंती करून, ओळख पुसलेले जुने चाळीस-पन्नास साचे वाचायला मागा. काराबेल्ली, फावडी-दात, खालच्या दुसऱ्या दाढेचे उंचवटे आणि सहावा उंचवटा या चारच लक्षणांची नोंद करा, पत्रके पाकिटात बंद करून ठेवा, पाच आठवड्यांनी तेच साचे पुन्हा वाचा. दोन्ही पत्रके घेऊन माझ्याकडे या. ज्या साच्यांवर तुमचे दोन वाचनांत जुळले नाही, ते आपण खिडकीशी बसून, बाजूच्या उजेडात, एकेक करून पाहू.